चढावर न कुरकुरणारी गाडी

आमच्या घरात दोन गोष्टींवर एकमत कधीच झाले नाही. एक, आमटीत गूळ किती घालावा. आणि दुसरी, अण्णांच्या अँबॅसडर गाडीला नेमके काय झाले आहे. पहिल्या वादाला निदान दोनच पक्ष होते. वडिलांचे घर कोल्हापूरचे, आईचे माहेर मालगुंडचे. तेव्हा एक बाजू तिखटाची आणि एक गुळाची, हे ठरलेलेच. दुसऱ्या वादात मात्र जितकी तोंडे तितके पक्ष, आणि त्यातल्या प्रत्येक पक्षाचे बिल वेगळे.

गाडी १९८२ सालची. अण्णांनी ती १९८७ साली एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. पुढे आमची शिक्षणे, लग्ने, बारशी सारी तिच्या साक्षीने झाली. मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीवरून बेतलेली ही आपल्याकडची भारदस्त गाडी. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडणे मे २०१४ मध्ये थांबले. म्हणजे आमची गाडी आता केवळ जुनी नव्हे, निर्वंशही म्हणायची! अण्णा २०१९ साली गेले, आणि ती माझ्याकडे आली. मराठीच्या प्राध्यापकाकडे वारसाहक्काने यावी अशी ही वस्तू नव्हे, हे मलाही कळते. मला वृत्तात चुकलेली मात्रा लांबून ऐकू येते. पण इंजिनात नेमके काय चुकते आहे हे कळायला जो कान लागतो, तो मला नाही अशी माझी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी गाडी कुरकुरू लागली. चांगली चालता चालता मध्येच एक उचकी द्यायची, मग दुसरी, मग चारसहा लागोपाठ. सारी गाडी खांदे उडवल्यासारखी हादरायची. आणि आपण रस्त्याच्या कडेला घेऊन बॉनेट उघडावे, तो बाईसाहेब पुन्हा शांतपणे घुर्र घुर्र करीत उभ्या! गाडीला चार सिलिंडर असतात. त्यांनी एक, तीन, चार, दोन या क्रमाने न चुकता पेट घ्यायचा असतो. चार चरणांचे वृत्तच म्हणा ना. त्यातला एखादा चरण गळला की लय मोडते. मेस्त्रीलोक याला ‘मिसिंग’ म्हणतात. ‘गाडी मिसिंग मारते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या कसे चालवायचे हा प्रश्न मी सोडून दिला. गाडी कशी चालवायची हा अधिक निकडीचा होता.

कायमचा रोग परवडतो. तो वैद्यासमोरही दिसतो. पण हा येऊनजाऊन असणारा रोग फार खट्याळ. दवाखान्याच्या बाकावर बसताच ज्याचे पोट दुखायचे थांबते, अशा मुलासारखी आमची गाडी गॅरेजच्या दारात शिरली की बरी होई. मेस्त्री भसकन रेस देत, कान लावीत, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत की दुखणे गाडीला नसून मला आहे.

तरी पण उपचार झालेच. पहिल्यांदा चारही प्लग बदलले. आठ दिवस गाडी छान चालली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. नवव्या दिवशी उचकी. मग सी.बी. पॉइंट आणि कंडेन्सर बदलला. पंधरा दिवस आराम. मग कॉइल. मग कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केला. मग एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले, की अलीकडे पेट्रोलात इथेनॉल मिसळतात, त्याने जुन्या गाड्यांचे रबर खराब होते. हे खरेच आहे. म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही नवा घातला. प्रत्येक वेळी काही दिवस बरे, आणि पुन्हा तेच. प्रत्येक मेस्त्रीला वाटे आपण रोग धरला. आणि प्रत्येक मेस्त्रीचा रोग आपला वेगळा!

शेवटी आमच्या नेहमीच्या मेस्त्रीने निकाल दिला.

“इंजनात दम न्हाई राहिला बघा, सर. बोअर कराय लागंल. पन्नास-साठ हजार धरून चाला. न्हाईतर देऊन टाका.”

पुण्याहून दादाचाही फोन आला. त्याने एक गिऱ्हाईक पाहिले होते. गिऱ्हाईक कसले, पत्र्याच्या वजनावर बोलणारा माणूस. पण दादाचे बोलणे चुकीचे नव्हते. इतका खर्च करून पुन्हा उचकी आली तर काय? मी आईला विचारले. ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “द्या विकून. पण त्याआधी एकदा मला त्या गाडीतून माहेरी ने.”

आईचे वय शहात्तर. गेली तिसांहून अधिक वर्षे ती त्या गाडीच्या डाव्या बाजूच्या जागेवर बसत आली. दर मे महिन्यात मालगुंड. जाताना गूळ, येताना आंबे. मामा आता ऐंशीच्या पुढचे. यापुढे ती बसने किंवा कुणाच्या मोटारीतून जाईलच. पण ‘त्या गाडीतून’ हा तिचा शब्द मला ओलांडता येईना. मेस्त्री म्हणाला, “घाटात धोका देईल, सर.” मी म्हटले, दिला तर दिला.

डिसेंबर २०२४ मधला एक शनिवार. पहाटे सहाला आम्ही निघालो. पंचगंगेवर धुके असे दाटले होते की शिवाजी पुलावरून खाली पाणी आहे की कापूस, ते कळेना. उसाचा हंगाम; समोरून एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या डोलत येत होत्या, आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड धुरकट वास काच बंद असूनही आत येत होता. डाव्या जागेवर आई, शाल गुंडाळून. तिच्या मांडीवर अण्णांची वही.

ही वही म्हणजे गाडीच्या खणात कायम राहणारी, कडा झिजलेली एक डायरी. अण्णा हिशेबी गृहस्थ. गाडीचे काहीही झाले की तारीख, गाव, दुखणे आणि खर्च अशी एक ओळ ते टिपून ठेवीत. ‘११ मे ९४. बांबवडे. पंपाचा डायफ्रॅम. रु. ४५.’ ना अभिप्राय, ना उद्गारचिन्ह. अण्णांच्या गद्यशैलीचा हा उत्तम नमुना. ते गेल्यापासून वहीत कोणी काही लिहिले नव्हते. मी दोन वर्षे गॅरेजांच्या पावत्या जमवल्या, पण उचकी कुठे आली, केव्हा आली, याची एक नोंद ठेवली नव्हती. विद्यार्थ्यांना मात्र मी दरवर्षी सांगतो, की आधी टिपणे काढा आणि मग मत द्या!

केर्लीच्या अलीकडे पहिली उचकी आली. आईने शांतपणे पेन काढले.

“किती वाजले? आणि किती वेगाने चालला आहेस?”

“पावणेसात. चाळीस. कशाला?”

“लिहिते. ते असते तर लिहिले असते.”

उजवीकडे जोतिबाचा डोंगर धुक्यातून नुसता खांद्यापर्यंत वर आला होता. पुढे वाघबिळाचा चढ लागला. मी देवाचे नाव घेऊन गिअर खाली आणला. डावीकडे पन्हाळ्याचा फाटा गेला. १६६० च्या जुलैत, ऐन पावसाळ्यातल्या रात्री, याच गडावरून निघालेली पालखी विशाळगडाकडे धावत गेली. आणि मी कोरड्या डिसेंबरात, डांबरी रस्त्यावर, चार चाकांवर बसून घाबरत होतो! चढ संपला. गाडी कुरकुरली नाही. सपाटीला लागलो, दोन किलोमीटर गेलो, आणि आली उचकी. आईने लिहिले.

बांबवड्याला चहाला थांबलो तोवर वहीत पाच ओळी झाल्या होत्या. आईने चष्मा लावून त्या मला वाचून दाखवल्या. ‘६.४५. केर्लीच्या आधी. सपाट. चाळीस.’ ‘७.२०. वाघबिळापुढे. सपाट. पन्नास.’ आणि पुढे अशाच तीन. मग चष्मा काढीत ती म्हणाली,

“एक बघितलेस का? चढावर मी एक ओळसुद्धा लिहिली नाही.”

“योगायोग असेल गं.”

“योगायोग नाही. दोन वर्षे मी शेजारी बसते आहे. चढावर कधीच कुरकुरत नाही ती. माणसाचेही असेच असते. ओझे असले की गप्प, निवांत बसला की कुरकुर.”

मला जरा लाजल्यासारखे झाले. दोन वर्षे मी सगळ्यांना विचारत होतो, की गाडी का कुरकुरते. केव्हा कुरकुरत नाही, हे एकदाही कोणाला विचारले नव्हते. आणि ज्या माणसाला ते ठाऊक होते, ते माणूस माझ्या शेजारीच बसत होते. आईला तरी मी काय म्हणून विचारणार? तिला गाडीतले काय कळते!

मलकापूर मागे पडले. आता रस्ता हळूहळू चढू लागला. शेते विरळ झाली आणि रान दाट. रस्त्याच्या रुंदीकरणाने ठिकठिकाणी तांबडी माती उघडी पडली होती, तरी आंब्याच्या अलीकडची झाडी अजून झाडीच आहे. मोकळा रस्ता पाहून मी एक प्रयोग केला. लहानशा चढावर गाडी सुरळीत चालली असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला. उचकी! पाय पुन्हा दाबला. बंद. हलका केला, उचकी, दाबला, बंद. पाच वेळा केले, पाचही वेळा तेच. आई लिहीत होती आणि हसत होती. म्हणजे चढाचा आणि सपाटीचाही प्रश्न नव्हता. प्रश्न माझ्या पायाचा होता. हलका पाय असला की गाडी कुरकुरे. मग चोक थोडा ओढून पाहिला. पेट्रोल कमी पडत असेल तर चोकने फरक पडतो, एवढे मला अण्णांकडून ठाऊक होते. काही फरक पडला नाही. तेही आईने लिहिले.

एवढे कळले, पण त्याचा अर्थ काय ते कळेना. एखाद्या शिलालेखातले प्रत्येक अक्षर लागावे आणि वाक्य मात्र लागू नये, तशी माझी गत झाली.

आंबा घाटाच्या माथ्यावर थांबलो. धुके आता पायांखाली गेले होते. देश इथे संपतो आणि कोकण इथे सुरू होते, हे सांगायला पाटी लागत नाही. मागे कोरडा, थंड, गवताच्या वासाचा वारा. पुढे दरीतून वर येणारी ओलसर ऊब. आई कठड्यापाशी उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. “हा वास आला की मला माहेर आले असे वाटायचे,” ती म्हणाली. “ते मुद्दाम इथे गाडी थांबवायचे. म्हणायचे, इंजिन निवू दे. इंजिन कसले तापते उतारावर जाताना? मला कळत होते.” मी काहीच बोललो नाही. चढून आलेले इंजिन निववायचे असते हे शास्त्र मी सांगू शकलो असतो. पण ते खोटे ठरावे असे मलाही वाटले.

घाट उतरताना गाडीने ब्र काढला नाही. पाय उचललेला, गाडी गिअरमध्ये, वळणामागून वळण. खाली साखरपा आले, रस्ता सपाट झाला, मी पाय हलकेच ठेवला. आणि गाडीने साऱ्या घाटाची बाकी एकदम वसूल केली. दहा-वीस उचक्या लागोपाठ, आणि बाजारापाशी ती बंदच पडली.

देवरुखच्या फाट्याजवळ एका फणसाखाली एक गॅरेज होते. गॅरेज म्हणजे चार खांब, एक पत्रा, आणि खाली उलट्या पडलेल्या रिक्षा. मेस्त्री सत्तरीच्या घरातले. डोक्याला टोपी, कानाला पेन्सिल. आमची गाडी ढकलत आणलेली पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की जणू घरची माणसे आली!

“अरे वा, आमची जुनी मालकीण! पंचवीस वर्षे टुरिस्टच्या अँबॅसडर केल्या आम्ही. कोणी कोणी हात लावलानीत हिला?”

मी रामायण सांगायला सुरुवात केली: प्लग, पॉइंट, कॉइल, जेट, नळ्या. ते ऐकत होते, पण लक्ष नव्हते. मेस्त्रीलोकांना रोग्याच्या नातेवाइकांची बडबड सवयीची असते. तेवढ्यात आईने वही पुढे केली. त्यांनी ती हातभर लांब धरून वाचली. दुसऱ्यांदा वाचली.

“हे कोणी लिहिलेत?”

“मी,” आई म्हणाली.

“वहिनी, तुम्ही माझे काम केलेत की हो!”

आणि मग बॉनेटला हातही न लावता त्यांनी मला समोर बसवून जे सांगितले, ते मी वर्गात सांगावे इतके स्वच्छ होते. इंजिनाला दम नसता, तर तो चढावर उघडा पडता. पेट्रोल कमी पडत असते, तरी चढावरच. कारण इंजिन तेव्हाच जास्त पिते. पेट्रोलची नळीत वाफ होत असती, तर ती उन्हाळ्यात, घाटात, तापलेल्या इंजिनात. पहाटेच्या धुक्यात केर्लीला नव्हे. प्लग, कॉइल किंवा प्लगच्या वायरी कच्च्या असत्या, तरी ओझ्याखालीच कच खाल्ली असती. कारण सिलिंडरात दाब जितका जास्त, तितकी ठिणगीला उडी मारायला जड. “ह्या सगळ्यांना चढ नको असतो. हिला चढ चालतो, तर मग ह्यातले कोणीच नव्हे. हलक्या पायाला काय हलते, ते बघायचे.”

हलक्या पायाला जे हलते त्याची गोष्ट अशी. प्रत्येक ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवतो. त्यात पॉइंटची एक जोडी असते. ती उघडली की कॉइलमधून ठिणगी निघते. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर या जोडीला मिनिटाला सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, उघडमीट करावी लागते. आता पाय हलका असला की सिलिंडरात हवा-पेट्रोल थोडे जाते, ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी जरा लवकर पडावी लागते. ही लवकर-उशिराची व्यवस्था एक बारीक नळी करते. कार्ब्युरेटरपाशी जी ओढ निर्माण होते, ती या नळीतून एका पडद्याला खेचते, आणि पडदा पॉइंटची तबकडी किंचित फिरवतो. पाय दाबला की ओढ कमी होते, आणि स्प्रिंग तबकडीला पुन्हा जागेवर आणते. पाय अगदीच उचलला, तरी नळीच्या तोंडाशी ओढ पोचत नाही. म्हणजे चढावर तबकडी स्थिर, उतारावर स्थिर, गॅरेजात नुसती घुरघुरत उभी असतानाही स्थिर. फिरते ती फक्त सपाट रस्त्यावर, निवांत चालीत! मेस्त्री भसकन रेस देत तेव्हाही ओढ पडायची. कुणी पाय हलका ठेवून दोन मिनिटे धीर धरला असता, तर कदाचित तिथेच चोर सापडला असता. पण धीराचे बिल करता येत नाही.

मेस्त्र्यांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. हँडल मारून पॉइंट पुरते मिटतील अशा जागी इंजिन आणले. कॉइलकडून येणारी वायर सोडवून मध्ये एक लहानसा बल्ब जोडला आणि मला चावी फिरवायला सांगितली. बल्ब लागला. मग त्यांनी ती बारीक नळी कार्ब्युरेटरकडून काढली, टोक पुसले, आणि सरबताच्या नळीसारखी तोंडात धरून ओढली. तबकडी किंचित फिरली.

बल्ब विझला.

त्यांनी श्वास सोडला. तबकडी परतली, बल्ब लागला. पुन्हा ओढली, विझला. फणसाखाली जमलेली चार पोरे टाळ्या वाजवू लागली. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी मात्र त्या मिणमिणत्या बल्बाकडे पाहत राहिलो. दोन वर्षे, सात उपचार, कित्येक हजार रुपये. आणि शेवटी पन्नास-साठ हजारांची शिक्षा. गुन्हेगार कोण? डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटपर्यंत जाणारी, बोटभर लांबीची एक वायर. त्यांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली. वरून आवरण शाबूत होते. दोन बोटांत धरून वाकवली तेव्हा मध्येच ती लुळी पडली. आतल्या तारा तुटल्या होत्या. वायर सैल असली की तुटकी टोके एकमेकांना चिकटून राहत आणि सारे सुरळीत चाले. तबकडी फिरून वायर जरा ताणली, की टोके सुटत.

“आणि दर वेळी बरी का व्हायची?” मी विचारले.

“कोणी प्लग बघताना वायरींना हात लावलान, कोणी पॉइंट बदलताना ही जरा वाकवलीन. टोके पुन्हा जुळली. त्याला वाटले आपण बरी केली.” ते हसले. “खोटे कोणी बोलले नाही, मास्तर. सगळ्यांना खरेच तसे वाटले.”

हे वाक्य मी त्यांच्यासमोरच वहीत टिपून घेतले. आमच्या धंद्यातही हे नेहमी घडते. एखादा मुलगा अधूनमधून चुकतो. आपण त्याला निबंधाचे पुस्तक देतो, शिकवणी लावतो, रागावतो. तो चार दिवस सुधारतो आणि आपण उपायाला यश आले म्हणतो. तो कोणत्या दिवशी चुकत नाही हे कोण पाहते?

नवी वायर म्हणून त्यांनी कुठलाही तुकडा लावला नाही. “ही वायर जन्मभर हलायची. जाड तार घातली तर महिन्यात मोडेल.” पत्र्याच्या डब्यातून एका जुन्या डिस्ट्रिब्युटरची केसासारख्या अनेक तारांची मऊ वायर काढली, डाग दिला, पॉइंटची फट पट्टीने तपासली, आणि पुन्हा नळी तोंडात धरून ओढली. बल्ब लागलेलाच राहिला. मी पैसे विचारले. “दोनशे द्या. शंभर माझे, आणि शंभराची वहिनींना साडी घ्या म्हटले असते, पण शंभराची साडी येत नाही, तेव्हा तेही माझेच!”

साखरप्याहून पुढे पाली, हातखंबा, निवळी, जाकादेवी. सपाटीवर मी मुद्दाम पाय हलका ठेवून चालवीत होतो. गाडी अशी चालली होती, की मधूनमधून इंजिन बंद तर पडले नाही ना म्हणून मीच कान देई. निवळीच्या पुढे कधीतरी मी सहज डावीकडे पाहिले. आई झोपली होती. दोन वर्षे ती या गाडीत झोपली नव्हती. पुढची उचकी केव्हा येते याची वाट बघत, मूठ आवळून बसायची. आणि मला वाटायचे, वयामुळे तिची झोप कमी झाली आहे!

मामांच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा मामा काठी टेकीत पुढे आले. त्यांनी आधी बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला, मग गाडीच्या बॉनेटवरून. “आवाज ओळखला,” म्हणाले, “वळणावर होतात तेव्हाच.” संध्याकाळी आईला घेऊन मी केशवसुतांच्या जन्मघरी जाऊन आलो. मालगुंडला ते घर आणि स्मारक जपून ठेवले आहे. १८६६ साली इथे जन्मलेला हा माणूस पोटासाठी मास्तरकी करीत गावोगाव फिरला आणि १९०५ साली गेला. पण मराठी कवितेचे यंत्र कुठे अडते आहे हे त्याने ओळखले. मी दर वर्षी त्यांच्यावर चार तास बोलतो. त्या अंगणात उभा असताना मात्र माझ्या खिशात ती तुटकी वायर होती, आणि बोट पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जात होते.

रात्री दादाचा फोन आला.

“कुठे बंद पडली?”

“साखरप्याला.”

“तरी मी सांगत होतो. त्या माणसाला सोमवारी यायला सांगू ना?”

आईने माझ्या हातातून फोन घेतला. “अरे, त्याला सांग, गाडी बरी आहे. तिला काही झाले नव्हते. तिला कोणी नीट विचारले नव्हते, एवढेच.”

गाडी कायमची राहील असे मी म्हणत नाही. तिचे सुटे भाग मिळणे अवघड होत चालले आहे, साखरप्याचे मेस्त्री सत्तरीचे आहेत, आणि मीही तरुण होत नाही. पण पत्र्याच्या भावाने जाण्याइतकी ती मेलेली नाही, हे आता घरात सर्वांना मान्य आहे. आमटीतल्या गुळाचा वाद तेवढा बाकी आहे.

परतताना आंबा घाट चढून माथ्यावर आलो, तेव्हा मी गाडी थांबवली. आईने विचारले, “का रे?”

“इंजिन निवू दे जरा,” मी म्हटले.

ती काही बोलली नाही. खाली उतरली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. मी खणातून वही काढली आणि अण्णांच्या ओळींखाली, होईल तितक्या त्यांच्या शैलीत, एक ओळ लिहिली: ‘डिसेंबर २४. साखरपा. डिस्ट्रिब्युटरमधील वायर, १. रु. २००.’ मग थोडे थांबून, अण्णांची क्षमा मागून, पुढे दोन शब्द जास्तीचे घातले: ‘आईने शोधली.’